मंडळीसाठी आणि नव्यांसाठी प्रार्थना : तुमचे अनुभव सांगा

येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारनंतर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रोज संध्याकाळी प्रार्थना असते. विषय ठरलेले: मंडळीचं उज्जीवन, म्हणजे थंडावलेल्या विश्वासाला नवी जाग, आणि नवे विश्वासणारे. यंदा चौथ्या दिवशी आम्ही सातजण होतो, त्यातल्या एक बाई कुलूप लावायचं म्हणून थांबलेल्या. तुमच्याकडे कसं चालतं? चमत्कारच सांगा असं नाही. साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव चारचौघांत सांगायला, उभं राहिलं की आपला आवाज बदलतो ना, तेवढा बदलू न देता लिहा.

नगरची माहेरवाशीण
१९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींत माझी पणजी होती. आजीकडून ऐकलेलं सांगते. १९०५ च्या जानेवारीत बाईंनी विचारलं, उज्जीवनासाठी रोज प्रार्थनेला कोण येईल? ७० जणी आल्या. जूनपर्यंत ५५० झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. जूनअखेरीस एका रात्री प्रार्थना करणारी एक मुलगी पेटलीय असं शेजारणीला दिसलं आणि ती बादली आणायला धावली. आजी इथे थांबायची. "मग ओतलं पाणी?" नाही, ओतायच्या आत कळलं, आग नव्हतीच. त्यानंतर मुली रडून आपापली पापं कबूल करू लागल्या.
सभांमध्ये सगळे ती बादली सांगतात. मला मात्र जानेवारी ते जून जास्त मोठं वाटतं. दळण, शिवण, अभ्यास सांभाळून रोज दोनदा जमायचं, आणि सांगण्यासारखं काही घडत नाही. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात लोक विचारतात, "अजून चालू आहे का ते?"

पाळकीणबाई
आमची तीन दिवसांची उज्जीवन सभा. मांडव, कर्णे, बाहेरगावचे वक्ते. शेवटच्या रात्री कितीतरी हात वर झाले, सगळ्यांची नावं-पत्ते लिहून घेतले. ते कागद पाळकसाहेबांच्या टेबलाच्या खणात गेले आणि नाताळात सजावटीच्या टाचण्या शोधताना मला सापडले. त्या दुपारपासून मी आणि महिला मंडळातल्या दोघी एकेका घरी जायला लागलो. बरीच घरं बदललेली होती. एका घरी चहा मिळाला, आणि "आम्हाला वाटलं तुम्ही विसरलात" हेही ऐकायला मिळालं.

पिंपरीचा
शुक्रवारी रात्री आम्ही पाचजण आलटून पालटून एकेकाच्या घरी जमतो. एका वहीत नावं आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. दोन वर्षांनी वहीतलं एक नाव खरोखर रविवारी उपासनेला आलं. मी दारातच होतो. तो बिचारा तिसऱ्या बाकावर बसला तर एक काका म्हणाले, "इथं आम्ही बसतो." बाकावर काकांची पिशवी होती. आमचा नवा पाहुणा उठून मागे उभा राहिला, आणि प्रभुभोजनाच्या आधी निघून गेला. त्या शुक्रवारी कोणाला प्रार्थना सुचेना. शेवटी एकजण बोलला, "प्रभू, आम्ही मागत होतो ते तू दिलंस, आणि आम्ही बसायला जागा दिली नाही."

वसईकर
आम्ही कॅथलिक, त्यामुळे रीत वेगळी. स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) तयारी करणाऱ्या प्रौढांसाठी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, प्रार्थना होते आणि पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री त्यांना स्नानसंस्काराचं पाणी मिळतं. त्याच वेळी आम्ही जुनेही हातात मेणबत्ती धरून आपली वचनं पुन्हा उच्चारतो. नव्यांमुळे जुन्यांना वर्षातून एकदा तरी विचारलं जातं, तुमचं काय?

अजून बाहेरची
मी त्या वह्यांमधलं नाव आहे! हिंदू घरातली, शेजारच्या ताईंबरोबर यायला लागले. वचन काढायला सांगितलं की सगळे फराफरा पानं उलटतात आणि मी बायबलच्या अनुक्रमणिकेत हबक्कूकाचं पुस्तक शोधत असते. एकदा ताईंच्या बायबलमध्ये चिठ्ठी दिसली, त्यात माझं नाव आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा तर आमची ओळख म्हणजे पाण्याच्या टँकरवरून झालेलं भांडण! राग आला, लाजही वाटली, आणि मग बरं वाटलं, याच क्रमाने.
बाप्तिस्मा घेतलेला नाही. आईला अजून सांगितलं नाहीये. "मग कधी?" असं दर रविवारी कोणीतरी विचारतंच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांसाठी, हे ताईंनीच सांगितलं. तेव्हापासून जरा ऐसपैस बसते.

नगरची माहेरवाशीण
पिंपरीचे दादा, तो माणूस पुन्हा आला का?

पिंपरीचा
नाही. घरी जाऊन माफी मागितली, चांगला बोलला, येईन म्हणाला. नाव वहीत ठेवलंय. काका हल्ली पिशवी मांडीवर घेऊन बसतात.