स्क्रॅबलमध्ये क्यू हातात आला आणि यू नाहीच, तर कुठले छोटे शब्द लावायचे? (अर्थासकट सांगा)

रविवारचा_डाव
आमच्याकडे दर रविवारी जेवणं झाली की स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या लावून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ) असतं, मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली लेक. गेल्या तीन डावात क्यू माझ्याच वाट्याला आला आणि यू एकदाही नाही. अख्ख्या पिशवीत १०० सोंगट्या, त्यात यू फक्त ४, ते आधीच संपलेले. शेवटी क्यू हातात राहिला की १० मार्क वजा आणि ज्याच्या सोंगट्या आधी संपल्या त्याला वर १० जास्त, म्हणजे २० चा फरक! लेकीने नेटवरून एक यादी काढून पाठ केलीय आणि धडाधड लावते, पण अर्थ विचारला की गप्प. सासूबाईंचं म्हणणं, अर्थ सांगता येत नसेल तर शब्द लावायचा नाही, आणि मला ते पटतं. तर यू शिवायचे क्यूचे छोटे शब्द आणि त्यांचे अर्थ कुणी नीट सांगेल का? नुसती यादी नको प्लीज, ती आहे आमच्याकडे.

शब्दवेडी
सगळ्यात आधी क्यू-आय. उच्चार "ची", चिनी शब्द आहे, शरीरातली प्राणशक्ती, आपण प्राण म्हणतो त्याच्या जवळपासचा अर्थ. चिनी भाषा रोमन अक्षरात लिहायची जी पिनयिन पद्धत आहे त्यात "च" सारख्या एका आवाजाला क्यू घेतलाय म्हणून स्पेलिंग असं दिसतं. अमेरिकेतल्या अधिकृत यादीत हा २००६ ला आला आणि त्यानंतर क्यूची भीतीच गेली म्हणा. एक युक्ती सांगते, क्यू तिप्पट अक्षराच्या घरात बसव आणि आडवं-उभं दोन्हीकडे क्यू-आय कर, ३१ आणि ३१, ६२ मार्क होतात दोनच अक्षरांचे.

मग क्यू-ए-टी, येमेनमधे दुपारी लोक चघळत बसतात तो पाला, त्याने तरतरी येते. आणि क्यू-ओ-पी-एच म्हणजे हिब्रू लिपीतलं एक अक्षर. हे लक्षात ठेवायला सोपं कारण रोमन क्यू त्याच घराण्यातला, फिनिशियन लिपीतून ग्रीकमधे आणि तिथून लॅटिनमधे आलेला.

इंग्रजीत क्यूमागे यू का लागतोच हे पण लेकीला सांग, तिला आवडेल. जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द सी-डब्ल्यूने लिहायचे. १०६६ ला फ्रान्सकडचे नॉर्मन लोक इंग्लंडमधे आले, मग फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि त्यांनी सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू लिहायला सुरुवात केली. म्हणजे यू नसलेला क्यू दिसला की समजायचं, शब्द बाहेरून आलाय, बहुतेक वेळा अरबीतून.

मस्कतकर
अरबीचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी बारा वर्षं मस्कतला आहे आणि मला हे शब्द इथे आल्यावर उलगडले. अरबीत "क" दोन आहेत, एक आपला साधा आणि एक घशातून खोल काढायचा, त्याला काफ म्हणतात, आणि रोमनमधे लिहिताना त्या खोल क ला क्यू देतात. मराठीत आपण दोन्ही एकच करून टाकले. किल्ला, कर्ज, कलम, हक्क, बंदूक या सगळ्यात मुळात तोच खोल क आहे. म्हणजे क्यूचे निम्मे शब्द आपल्याला आधीच येतात, फक्त स्पेलिंग ओळखीचं नाही एवढंच!

एस-यू-क्यू (यात यू लागतो, पण क्यूच्या मागे नाही, बोर्डावर यू असेल तर जमतो) म्हणजे बाजार, इथला मत्राहचा सूक प्रसिद्ध आहे. क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर. टी-ए-एल-ए-क्यू तलाक. बी-यू-आर-क्यू-ए (यातही यू लागतो) बुरखा, यात तर मराठीने क चा ख केला. क्यू-ए-आय-डी म्हणजे कायदा, नियम. आणि कॉलिन्सच्या (स्क्रॅबलची इंग्लंडकडची शब्दयादी) यादीत कव्वाली सुद्धा आहे, सात अक्षरी, क्यूने सुरू, सगळ्या सोंगट्या एकदम लागल्या तर ५० चा बोनस.

जुनी_वही
मस्कतकर, बाकी सगळं बरोबर पण क्यू-ए-आय-डी चा अर्थ कायदा नाही हो. तो कायद, म्हणजे नेता, टोळीचा प्रमुख. जिनांना कायदे आझम म्हणायचे त्यातला हा शब्द, कायद-ए-आझम, मोठा नेता. आपण मराठीत वाचताना कायदे असं दिसतं म्हणून मला पण कॉलेजपर्यंत वाटायचं की ते बॅरिस्टर होते म्हणून कायद्याचं काहीतरी असेल. कायदा हा अरबी काइदा वरून, वेगळं मूळ. सासूबाईंनी विचारलं तर नेता सांगा.

मस्कतकर
अरे हो, बरोबर आहे तुमचं, आवाज सारखा म्हणून मी एकत्र केले. दुरुस्ती मान्य.

खडकीचा_माणूस
कुणी क्यू-ए-एन-ए-टी लिहिलाच नाही! कनात. आणि हा शब्द आमच्या गावाचा आहे असं मी मानतो. (राहुटीची कनात वेगळी बरं का, ती इथे आणू नका.) कनात म्हणजे जमिनीखालून पाणी आणायचा बोगदा, इराणमधली कला, आपल्याकडे करेझ किंवा नहर म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणायची, तिथून गावाकडे अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि मधे मधे उभी भोकं ठेवायची, माती काढायला आणि पुढे साफसफाईला. पंप नाही काही नाही, पाणी आपोआप वाहत येतं आणि वरून ऊन लागत नाही म्हणून फारसं आटत पण नाही. इराणच्या कनातींना २०१६ ला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणलं.

आता संभाजीनगर, आधी औरंगाबाद, त्याच्या आधी खडकी. ती मलिक अंबरने वसवली आणि एवढ्या कोरड्या जागी शहर चालवायचं म्हणून नहर-ए-अंबरी खणून घेतली. पाणचक्कीला पाणी येतं ते पण असंच डोंगराकडून जमिनीखालच्या नहरीतून. लहानपणी आजोबा मला त्या उभ्या भोकांपाशी न्यायचे आणि वाकून ऐकायला सांगायचे, खालून पाण्याचा आवाज यायचा. बऱ्याच नहरींवर आता बांधकामं झालीत, बुजल्यात, ते बघून जीव तुटतो. लेकीला सुट्टीत घेऊन या, मी स्वतः दाखवतो, मग हा शब्द तिला पाठ करायला लागणार नाही.

रविवारचा_डाव
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंचं माहेर बीडकडचं, त्यांनी पाणचक्की पाहिलीय, त्या नहरीबद्दल बोलत बसल्या आणि डाव अर्धा तास थांबला. लेकीने कालच फकीर लावला, १७ मार्क, आणि अर्थ न विचारता सांगितला. दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगर ठरतंय. खडकीचा माणूस, तुम्हाला मेसेज करते, आणि सकाळी गेलेलं बरं की संध्याकाळी तेवढं सांगून ठेवा, सासूबाईंना ऊन सोसत नाही.