शब्दचर्चा : धूमकेतूचा 'स्फोट' झाला की 'उद्रेक'?

(बडोद्यातल्या मंडळींची चर्चा; लिहिणाऱ्याच्या नावाजागी त्याच्या वस्तीचं नाव.)

डांडिया बाजार (मूळ शंका)
मंडळी, एका शब्दाशी अडलोय. परवा पहाटे अगाशीवरून 29पी/श्वासमन-वाखमान या धूमकेतूचे 60-60 सेकंदांचे 40 फोटो घेतले. कोयलीच्या रिफायनरीकडचं आभाळ नेहमीसारखं नारिंगीच होतं, पण आदल्या दिवशीच्या पावसाने हवा धुऊन निघाली होती. फोटो धूमकेतूवर जुळवून एकावर एक रचले. तारे रेघा झाले आणि मधोमध ताऱ्याइतकाच टणक ठिपका! आठवड्यापूर्वी तिथे जेमतेम धुरकट डाग होता. धूमकेतू असा एकाएकी उजळला की आमच्या गटात सगळे 'आउटबर्स्ट' म्हणून मोकळे होतात. मी टिपणात 'धूमकेतूचा स्फोट' लिहिलं, तर आई म्हणाली, "मग आता उरलं काय?" काय लिहू?

रावपुरा
आईंचा प्रश्न शंभर टक्के बरोबर. 1927 साली हॅम्बुर्गच्या वेधशाळेत हा सापडला, तेव्हापासून वर्षातून अनेकदा असा उसळतोय आणि अजून जागच्या जागी आहे. केंद्रक, म्हणजे मधला घट्ट गाभा, साधारण 60 किलोमीटरचं, कक्षा गुरूच्या पलीकडे आणि जवळजवळ गोल. स्फोट म्हटलं की चिंधड्या आल्या. तसं शूमेकर-लेव्ही 9 या धूमकेतूचं झालं, पण त्याला आपण 'तुकडे झाले' म्हणतोच. इथे 'उद्रेक' लिहा.

कारेलीबाग
उद्रेकाला माझाही कौल. संस्कृत शिकवायचे म्हणून थोडं खोलात जाते. उद् आणि रिच्, म्हणजे भरून वर येणं, प्रमाणाबाहेर वाढणं. पित्ताचा उद्रेक, रजोगुणाचा उद्रेक. त्यात मोडतोड नाही. स्फोटही बिचारा मुळात इतका हिंसक नाही बरं का. स्फुट् म्हणजे फुटणं तसं उमलणंही. पण आज मराठीत 'स्फोट' वाचून कळी कोणाच्या डोळ्यांपुढे येते?

मांजलपूर
काकू, नमस्कार. पण 'उद्रेक' ऐकला की मला डेंग्यूची बातमी आठवते. 2007 च्या ऑक्टोबरात होम्सचा धूमकेतू ज्यांनी पाहिला, त्यांना विचारा. दोन दिवसही लागले नाहीत, 17 व्या प्रतीचा होता तो 2.8 वर आला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितकं तेज जास्त). सुमारे पाच लाख पट! ययाती तारकासमूहात एक नवा तारा असल्यासारखा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. शेजारचे गुजराती काका म्हणाले, "पूंछडियो तारो कहो छो, पण पूंछडी क्यां छे?" शेपटी नव्हतीच, गोल कापसाचा बोळा. याला 'भडका' म्हणावं असं माझं मत.

रावपुरा
भडक्याला आग लागते, दादा. तिकडे 29पीवर पाण्याच्या बर्फाची वाफ व्हायचीसुद्धा ऊब नाही. जोर आहे तो कार्बन मोनॉक्साइडचा. वायू धूळ घेऊन सुटतो, त्या धुळीवर ऊन पडतं आणि आपल्याला ठिपका उजळलेला दिसतो. जळत काहीच नाही.

डांडिया बाजार
म्हणजे मला शब्द एक नाही, दोन हवेत! फोटोत दिसतं ते 'उजळणं', उद्रेक हा आपण काढलेला अर्थ. सूर्याजवळ येणारा कुठलाही धूमकेतू उजळतोच, त्याला उद्रेक म्हणत नाहीत. 29पीचं सूर्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही, म्हणून हा उद्रेक. होम्स तर मे महिन्यातच सूर्याला वळसा घालून परत निघाला होता, म्हणून तोही उद्रेकच. पॉन्स-ब्रूक्स हा धूमकेतू मात्र जुलै 2023 मध्ये सूर्याकडे येता येता उसळला. तिथे उडी एकाएकी होती आणि पाच प्रतींची, म्हणजे शंभर पट, म्हणून शंका राहिली नाही. (त्याच्या वलयाला, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या वायू-धुळीच्या आवरणाला, शिंगं दिसली आणि लोकांनी त्याला सैतान करून टाकलं, हे वेगळंच.)

मोजतानाही फसायला होतं. फोटोत धूमकेतूभोवती वर्तुळ आखून आतला उजेड मोजतात. लहान वर्तुळातला मोजला तर चार दिवसांनी धूमकेतू विझत चाललाय असं वाटतं, मोठं वर्तुळ घेतलं तर आकडा फारसा हललेला नसतो. धूळ तेवढीच, पसरलेली. वर्तुळाचा आकार न सांगता 'मंदावला' लिहिणं ही शुद्ध फसवणूक, मग शब्द कितीही शुद्ध असो.

कारेलीबाग
इंग्रजी 'कोमा' टाळून 'वलय' लिहिलंत ते बरं केलंत. परवा कोणीतरी 'धूमकेतूचा कोमा वाढला' लिहिलं होतं. मला वाटलं, नातेवाइकांना कळवलं का! दोन्ही ग्रीकच, पण एक केसांचा आणि एक गाढ झोपेचा. केसांवरून आठवलं, आमची आजी 'शेंडेनक्षत्र' म्हणायची. धूमकेतू हा मूळचा अग्नी, धूर हाच ज्याचा झेंडा. होम्सला तो शब्द अर्धाच लागू पडला, धूर होता, झेंडा नव्हता.

मांजलपूर
भडका मागे घेतो. पण क्रियापद? 'उद्रेक झाला, उद्रेक झाला' किती वेळा लिहिणार? 'उफाळला' चालेल? आणि शब्द पाडायला बडोद्यात भ्यायचं कशाला, 1931 साली इथेच आठ भाषांचा सयाजीशासनशब्दकल्पतरू निघालाय. कारभाराचा कोश तो, धूमकेतू त्याच्या कक्षेबाहेर, पण आपल्याला धीर यायला पुरे.

डांडिया बाजार
'उफाळला' घेतला. हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती गॅसपाशी होती. म्हणाली, "सायीखाली वाफ कोंडते नि दूध वर येतं, तसंच ना? मग उतू गेला म्हण की सरळ." टिपणात आता असं आहे: '29पी परवा पहाटे उजळलेला दिसला. ठिपका अजून ताऱ्यासारखा, म्हणजे उद्रेक ताजा.' उतू जाणं शीर्षकात घालू का, ते ठरत नाहीये. आज ढग आहेत. उद्या मोकळं मिळालं तर वलय किती पसरलं ते मोजतो आणि उलटा हिशेब करून नेमका कधी उफाळला ते कळवतो.