मदत हवी आहे: फिल्म सुपरकंडक्टिंग, पण एसटीएममध्ये अणू दिसत नाहीत

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते, पीएचडीचं चौथं वर्ष, विषय आयर्न सेलेनाइडच्या पातळ फिल्म्स. अडीच महिने एकाच ठिकाणी अडकले आहे, जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

फिल्म कॅल्शियम फ्लोराइडवर लेझरने वाढवलेली आहे, जाडी साधारण 50 नॅनोमीटर. विजेचा रोध 10 केल्विनला घसरू लागतो आणि 8 च्या खाली शून्य होतो, म्हणजे फिल्म सुपरकंडक्टिंग आहे. एक्सआरडीही (क्ष-किरणांनी केलेली स्फटिकरचनेची तपासणी) स्वच्छ. पण हीच फिल्म स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये (एसटीएम, बारीक सुईने पृष्ठभागावरचे अणू दाखवणारं यंत्र) 4.2 केल्विनला घातली, की जिथे सेलेनियमच्या अणूंची चौकोनी जाळी दिसायला हवी (दोन अणूंत जेमतेम 0.38 नॅनोमीटर) तिथे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे नुसते गोळे. सुपरकंडक्टिंग गॅपचाही (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांमधली रिकामी जागा, सुपरकंडक्टरची खूण) पत्ता नाही.

आधी कंपनांवर संशय होता. जवळूनच ठाणे-वाशी लाईन जाते, लोकल गेली की करंटचा आलेख थरथरतो. म्हणून दोन रात्री शेवटची लोकल गेल्यावर बसले. थरथर खूप कमी झाली, त्याच टिपने (एसटीएमच्या सुईने) सोन्यावर हेरिंगबोन रेषा (सोन्याच्या पृष्ठभागावरची ओळखीची नागमोडी नक्षी) सुरेख आल्या. म्हणजे टिप ठीक आहे. फिल्मवर मात्र तेच गोळे!

आता वाटतंय, दोष पृष्ठभागाचा असावा. फिल्म एका लॅबमध्ये बनते, मायक्रोस्कोप दुसरीकडे. सिलिका जेलच्या डबीत घालून रिक्षाने नेते, लोड होईपर्यंत चाळीसेक मिनिटं हवा लागते, आणि जुलैतली आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको. रोध मोजताना करंट पूर्ण जाडीतून जातो, वरचे दोन-चार थर ऑक्सिडाइझ झाले तरी आकड्यात कळत नाही. एसटीएमला मात्र तेवढाच वरचा थर दिसतो. क्रिस्टल असता तर चेंबरमध्येच फोडून ताजा पृष्ठभाग घेतला असता, फिल्मचं तसं करता येत नाही.

व्हॅक्यूम सूटकेस (नमुना हवा न लागता नेण्याची पेटी) आमच्याकडे नाही. सेलेनियमचा थर वर चढवून नेला आणि चेंबरमध्ये तापवून उडवला तर चालेल का? गाईडना भीती आहे की फिल्ममधलंही सेलेनियम निघून जाईल. पुढच्या महिन्यात मायक्रोस्कोप थंड करायला लागणाऱ्या हेलियमचा एकच स्लॉट आहे.

—

प्रतिसाद: ताई, चालेल. वरचा थर मोकळं सेलेनियम असतं, 221 अंशांना वितळतं, व्हॅक्यूममध्ये सहज उडतं. फिल्ममधलं लोखंडाला बांधलेलं असतं, त्याला जास्त ताप लागतो. फक्त घाई नको, हळूहळू चढवा आणि प्रेशर गेजवर नजर ठेवा. आणि एक विचारतो, सबस्ट्रेट (फिल्मखालचं कॅल्शियम फ्लोराइड) इन्सुलेटर आहे, मग फिल्मला विजेचा कॉन्टॅक्ट कशाने देता? सिल्व्हर पेस्ट असेल तर तापवताना ती वायू सोडेल आणि पृष्ठभाग पुन्हा घाण होईल. टँटलमच्या पट्टीची क्लिप लावा.

—

दादा, पेस्टच लावत होते! हे डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. उद्या वर्कशॉपमध्ये टँटलमची पट्टी शोधते, स्लॉट झाला की चित्रं इथेच टाकेन.