मदत हवी आहे: तरुण संघासाठी खेळावरून संदेश

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. नाशिकच्या शरणपूर भागात राहतो. पुढच्या रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात पंधरा मिनिटं बोलायचंय, विषय ‘खेळ आणि समर्पण’.

बायबलमधलं पौलाचं पत्र, पहिले करिंथ 9:24-27, घेणार आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे आणि विजेत्याला पाना-डहाळ्यांचा मुकुट मिळायचा, म्हणजे पौल नाशवंत मुकुट म्हणतो तो त्या लोकांच्या डोळ्यासमोरचाच. इथवर जमतंय.

अडलोय एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूवर. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी, होती म्हणून तो त्यात धावला नाही, मग 400 मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं. पुढे चीनमध्ये मिशनरी झाला. गोष्ट भारीच, पण आमच्यातला एक पोरगा रविवारी पहाटे गोल्फ क्लब मैदानावर नेटला जातो आणि भक्तीला शेवटच्या बाकावर येऊन बसतो, बुटांची लाल माती फरशीवर तशीच. बाकीचे झोपून असतात, हा निदान येतो तरी! लिडेल सांगितला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळणार.

लिडेल गाळून धावपटू कविता राऊतच्या सरावावर बोलू का? 2010 च्या राष्ट्रकुलातलं 10,000 मीटरचं कांस्य, आपल्याच जिल्ह्यातली, पोरांना जवळची वाटेल. की लिडेल ठेवून आधी त्या पोराशी एकट्यात बोलून घेऊ? संडे स्कूल किंवा तरुण संघ चालवणाऱ्यांनी कृपया सांगा. शुक्रवारपर्यंत पाळकांना मुद्दे द्यायचेत.