मदत हवी आहे : फुटक्या कोशांवर पेशी वाढवायच्या आहेत, पण कोसा विरघळायलाच तयार नाही

झाडीची_पोर :

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, शेवटचं वर्ष. गाव आरमोरी तालुक्यात. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोसा आहे. बाबा जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर टसरच्या (रानरेशमाच्या) अळ्या चढवतात आणि कोसे (रेशमाचे कोश) होईपर्यंत गोफण घेऊन पाखरं हाकत बसतात. तर प्रकल्पही कोशावरच करायचा, असं मीच हट्टाने ठरवलं. आता अडकलेय.

कल्पना अशी. प्रयोगशाळेत आपण पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवतो. शरीरात पेशीला इतकी कडक, सपाट फरशी कुठेच मिळत नाही. २००६ मध्ये डेनिस डिशर यांच्या गटाने त्याच मूळपेशी कमीजास्त ताठ जेलवर ठेवून पाहिल्या. १ किलोपास्कलच्या (हे ताठपणाचं माप) आतबाहेर त्या चेतापेशींकडे झुकल्या, १० च्या आसपास स्नायूकडे, २५ ते ४० ला हाडाकडे. आपलं प्लास्टिक स्नायूपेक्षा लाखो पट ताठ! म्हणून पेशींना प्लास्टिकऐवजी कोशाचा मऊ थर द्यायचा.

आणि कोसाच का, तर टसरच्या फायब्रॉइनमध्ये (रेशमाच्या मुख्य प्रथिनात) आर-जी-डी हा तीन अमिनो आम्लांचा क्रम मुळातच असतो. पेशी जिथे पकड घेते तिथे तिची इंटिग्रिन प्रथिनं हाच क्रम चाचपतात. तुतीच्या रेशमात तो नसतो.

आतापर्यंतची फजिती :

आधी सोपं म्हणून जिलेटिनचं जेल केलं. फ्रिजमध्ये छान थिजलं. इन्क्युबेटरला ३७ अंशावर ठेवलं आणि तासाभरात डिशमध्ये नुसतं पाणी. (एप्रिलमध्ये तर इन्क्युबेटरचीही गरज नव्हती, टेबलावरच वितळलं.)

मग कोसा. अळ्या नकोत, पतंग बाहेर पडून गेलेले फुटके कोसे घेतले. तुतीसाठी लिहिलेल्या कृतीप्रमाणे ०.०२ मोलर धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळले, मग ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशाला ४ तास. कोसा जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशीही तसाच. ते ब्रोमाइड काही स्वस्त नाही, गाईड सरांचा चेहरा बघवत नव्हता.

शेवटी न विरघळवताच कोशाचे गोल तुकडे कापले, ऑटोक्लेव्ह केले, २४ खणांच्या प्लेटमध्ये ठेवून वर एल-९२९ पेशी टाकल्या (उंदराच्या पेशी, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणलेल्या). माध्यम (पेशींचं खाद्यद्रव) लगेच गुलाबी-जांभळं झालं. तरी तिसऱ्या दिवशी एमटीटी चाचणीचा रंग (जिवंत पेशी जास्त तितका गडद) चांगला गडद आला, म्हणजे पेशी जगल्या. पण मायक्रोस्कोपखाली तुकड्यावर धड काही दिसत नाही.

एक ज्येष्ठ म्हणाले, पूर्ण वाढलेली अळी कापून रेशीम ग्रंथीतूनच फायब्रॉइन काढ. बाबांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "तुले राखणीले बसवलं नाही म्हणून बोलतेस."

कोसा विरघळवायचा दुसरा मार्ग आहे का? की तुकडेच चालवू?

चहा_कमी_साखर :

एवढा खटाटोप कशाला? पेशी वाढवायला तयार मिळणारं मॅट्रिजेल हे जेल घ्या, पातळ थर द्या, झालं.

झाडीची_पोर :

दादा, ते उंदराच्या गाठीतून काढतात आणि प्रत्येक बॅच थोडी वेगळी निघते हे एक. दुसरं म्हणजे ते उणे २० ला ठेवायचं आणि बर्फावर हाताळायचं. आमच्याकडे लाइन कधी जाते ते तुम्हाला माहीत नाही.

निवृत्त_पिपेट :

ताई, कोसा विरघळला नाही यात तुमची चूक नाही. टसरच्या तंतूत अ‍ॅलॅनिनच्या सलग लांब माळा असतात आणि त्या एकमेकींना घट्ट बिलगून बसतात. तुतीची कृती तिथे चालत नाही. आयनिक द्रव (द्रवरूप क्षार) वगैरे वापरतात, पण तुमच्या कॉलेजच्या बजेटमध्ये त्या फंदात पडू नका. ग्रंथीची पद्धत खरी आहे, पण तुमच्या बाबांशी भांडायला मी सांगणार नाही. तुकडेच चालवा.

आता खरा मुद्दा. एमटीटी गडद आला म्हणता, पण त्या पेशी कोशावर होत्या की तुकड्याखालच्या प्लास्टिकवर? पेशी कडेने घसरून खाली जातात आणि तिथे मजेत वाढतात. एमटीटी दोघांची बेरीज दाखवतं. आम्ही एकदा पाच महिने असेच फसलो होतो. खणाच्या तळाला आधी १ टक्का अ‍ॅगारोजचा थर द्या. अ‍ॅगारोजला पेशी चिकटत नाहीत. त्यावर तुकडा ठेवा, पेशी थोड्याशाच माध्यमात थेंबाने तुकड्यावर सोडा, दोन तास बसू द्या, मग उरलेलं माध्यम घाला. एमटीटीआधी तुकडा उचलून नव्या खणात न्या.

जांभळा रंग म्हणजे सोडा राहिलाय. माध्यमातला फिनॉल रेड हा रंग आम्लारीला तसा होतो. जंतुसंसर्ग असता तर बहुधा पिवळं आणि गढूळ झालं असतं. धुतल्याचं पाणी तटस्थ येईपर्यंत धुवा, मग तुकडे रात्रभर माध्यमात भिजवून ते माध्यम फेका. आणि टसरचा कोसा तुतीपेक्षा चिवट, अर्ध्या तासाने त्याचा डिंक सुटत नाही. घरी कोसे किती वेळ उकळतात ते आधी विचारा.

पेशी बघायच्या तर नेहमीच्या फेज मायक्रोस्कोपने नाही दिसणार, कोसा अपारदर्शक आहे. रंगवून फ्लुरोसन्सखाली बघा, पण केंद्रकांचा निळा रंग टाळा. रेशीम स्वतःच निळं चमकतं.

एक मात्र लक्षात ठेवा, कोशाचा तंतू मऊ नाही. तुम्हाला पकड मिळेल, मऊपणा नाही. तो हवा असेल तर जिलेटिनच, पण ट्रान्सग्लुटामिनेज या विकराने बांधलेलं, मग ३७ अंशाला वितळत नाही. बांधायला ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन वापरलंत तर ग्लायसिनने नीट धुवा, नाहीतर पेशी मरतील आणि दोष कोशाला जाईल.

झाडीची_पोर :

सर, खूप आभार. आज जुन्या प्लेटमधले तुकडे उचलून खाली पाहिलं. तळाला पेशींची नुसती गर्दी, अगदी सतरंजी अंथरल्यासारखी. तुकड्याच्या कडेला मोजून दहा-बारा. म्हणजे तीन आठवडे मी प्लास्टिकच मोजत होते.

अ‍ॅगारोज आहे, सोमवारी लावते. आईला विचारलं, ती म्हणे सोडा घालून दोन-तीन तास तरी, आणि मधे एकदा पाणी बदलायचं. आता एकच शंका : इतकं उकळल्यावर आर-जी-डी शाबूत राहत असेल ना?

बाबांना सांगितलं की अळ्या नकोत, फुटके कोसे पुरतात. म्हणाले, "मंग ने ना पोतंभर."