पहिला एमआरआय नॉर्मल आला तरी...
नवजात बाळाला जास्त कावीळ झाली, की 'एमआरआय नॉर्मल आला म्हणजे कावीळ मेंदूपर्यंत पोचलीच नाही' असं कुणी म्हटलं, तर ते पटत नाही. स्कॅन कितव्या दिवशी काढला, हे आधी विचारायला हवं. बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, मार मुख्यतः ग्लोबस पॅलिडस आणि सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूच्या आतल्या भागांवर बसतो, तोही दोन्ही बाजूंना सारखा. सुरुवातीच्या दिवसांत तो भाग टी१ चित्रात उजळ दिसतो (टी१ आणि टी२ हे एमआरआय चित्रांचे दोन प्रकार). पुढे ही उजळी विरते आणि काही महिन्यांनी त्याच जागी टी२ मध्ये पांढरेपणा येतो. मधल्या काळातला स्कॅन इजा असूनही स्वच्छ दिसू शकतो. उलट, निरोगी नवजात बाळाचा ग्लोबस पॅलिडससुद्धा टी१ वर जरा उजळ असतो, त्यामुळे नुसत्या त्यावरून 'कर्निक्टेरस' (बिलिरुबिनमुळे मेंदूला झालेली इजा) लिहून टाकणं हा बाळावर अन्याय आहे. प्राणवायू कमी पडून झालेली इजा बहुधा थॅलॅमस आणि पुटामेनच्या मागच्या भागात, म्हणजे मेंदूच्या आतल्याच पण वेगळ्या जागी, असते. हा फरक रिपोर्टमध्ये जरूर पाहा.

एमआरआयच्या चर्चेत कानाचा विषय राहून जातो. ओएई ही बाळाची श्रवण तपासणी फक्त आतल्या कानाची, कॉक्लियाची, हालहवाल सांगते. बिलिरुबिन दुखावतं ते श्रवणाची नस आणि मेंदूच्या देठातली केंद्रं, म्हणून ओएई पास आणि बेरा (आवाज नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, हे पाहणारी तपासणी) बिघडलेली, असं होतं. ती इजा एमआरआयवर बहुतेकदा दिसतही नाही. बिलिरुबिन बाळाचं रक्त बदलावं लागेल इतक्या पातळीपर्यंत गेलं असेल, तर स्कॅन काहीही सांगो, बेरा मागून घ्याच. आणि स्कॅनची वाट पाहत फोटोथेरपी (काविळीवरचे प्रकाश-उपचार) किंवा रक्त बदलणं एक तासही लांबवू नका.