व्हॅलेंटाइनचा गुलाब: बाहेर पाठवावा की दादरला?

प्रश्न: मावळात २० गुंठ्यांचं पॉलीहाऊस, सगळा टॉप सीक्रेट (लाल गुलाबाची जात). एक्स्पोर्टवाला ५० सेंमीच्या वरचीच दांडी मागतो. बाकीच्याचं काय करायचं? आणि केनियावाले युरोपात आपल्याला भाव का मिळू देत नाहीत?

उत्तर १: दादा, केनियात नैवाशाला एका फार्मवर मी ग्रेडिंग हॉल (फुलांची प्रतवारी होते ती जागा) सांभाळायचो, त्यावरून सांगतो. तो भाग विषुववृत्ताजवळ, उंची १९०० मीटरच्या आसपास. दिवस बाराही महिने साधारण १२ तासांचा, रात्री गार. त्यामुळे वर्षभर जाड दांडी, मोठी कळी. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तीच जात लहानशी कळी देते. त्यात त्यांचा माल रोज नैरोबीहून उडतो, सुपरमार्केटशी करार वर्षाचे. आपण जानेवारीअखेर ते १० फेब्रुवारी एवढेच दिवस जागे! मग विमानभाडं कोण कमी करणार?

उत्तर २: बेंडिंग (झाडाच्या फांद्या वाकवणं) कधी धरता?

प्रश्नकर्ता: डिसेंबरचा पहिला आठवडा.

उत्तर १: बरोबर आहे. फक्त सगळं एकदम वाकवू नका, चार-चार दिवसांच्या अंतराने घ्या. नाहीतर थंडी लांबली की अख्खी तोडणी १४ तारखेनंतर येते. ४० सेंमीवाली दांडी दादरला लावा. लग्नतिथी दाट असली तर डेकोरेशनवाले लांबी बघत नाहीत, रंग बघतात. कधीकधी एक्स्पोर्टपेक्षा हातात जास्त पडतं, कारण पैसे लगेच आणि क्वालिटी क्लेमची (माल खराब निघाला म्हणून पैसे कापण्याची) कटकट नाही.

उत्तर ३: भुरी रोगावर लक्ष ठेवा. पानावर पांढरं दिसलं की एक्स्पोर्टवाला पेटीला हात लावत नाही.